एकोफिस्कचा चॉक: समुद्राच्या पाण्यातले क्षार तेल कसं सोडवतात

उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत एकोफिस्क नावाचं तेलक्षेत्र आहे. ते 1969 साली सापडलं आणि 1971 मध्ये तिथून तेल निघू लागलं. खडकात असलेल्या एकूण तेलापैकी फार तर 17-18 टक्के हाती लागेल, असा तेव्हाचा अंदाज होता. आज हाच आकडा 50 टक्क्यांच्या पुढे सांगितला जातो. या वाढीला अनेक गोष्टींनी हातभार लावला. नव्या विहिरी, भूकंपलहरींनी केलेलं सततचं निरीक्षण आणि स्वतःच्याच भाराखाली दबत जाऊन तेल बाहेर ढकलणारा खडक, हे सगळं त्यात आलं. पण सर्वांत मोठा वाटा 1987 पासून मोठ्या प्रमाणावर आत सोडलेल्या समुद्राच्या पाण्याचा आहे. हे पाणी कोणत्या गुणामुळे निवडलं गेलं? ते प्लॅटफॉर्मच्या भोवताली हवं तेवढं उपलब्ध होतं, म्हणून. त्याच पाण्यातले काही क्षार त्या विशिष्ट खडकावर, त्या विशिष्ट तापमानाला जे करतात, ते बऱ्याच उशिरा उलगडलं. या प्रकरणात तेच पाहायचं आहे.

खडक आणि त्याची अडचण

हा साठा समुद्रतळाखाली सुमारे 3 किलोमीटर खोलीवर, चॉकच्या दोन थरांत आहे. वरच्या थराला एकोफिस्क फॉर्मेशन म्हणतात आणि खालच्याला टोर फॉर्मेशन. चॉक म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्साइट. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म समुद्री शेवाळांच्या कवचांचे, साधारण एक मायक्रोमीटरचे तुकडे साचून तो तयार झाला. त्यामुळे त्यात पोकळी भरपूर असते, चांगल्या भागांत आकारमानाच्या 30 ते 40 टक्के किंवा त्याहूनही जास्त. पण ही पोकळी इतक्या बारीक छिद्रांत वाटली गेली आहे की, खडकातून द्रव वाहणं फार कठीण. अखंड चॉकची पार्यता, म्हणजे खडक द्रवाला किती सहज वाहू देतो त्याचं माप, 1 ते 5 मिलिडार्सी एवढीच. एकोफिस्क चालतं ते भेगांमुळे. भेगांच्या जाळ्यातून तेल विहिरीपर्यंत वाहतं.

याच भेगांमुळे पाणी सोडण्याची कल्पना सुरुवातीला धोक्याची वाटली. एका विहिरीतून सोडलेलं पाणी भेगांमधून धावत दुसऱ्या विहिरीतून बाहेर पडेल आणि तेल मात्र चॉकच्या ठोकळ्यांत जागच्या जागी राहील, ही भीती रास्त होती. ठोकळ्यातलं तेल बाहेर काढायचं तर पाणी आपोआप, केशाकर्षणाने, आत शिरायला हवं. ते शिरेल की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: छिद्राच्या भिंतीला पाणी जवळचं आहे की तेल.

हा फरक किती मोठा आहे ते ढोबळ हिशेबाने पाहू. छिद्राच्या गळ्याची त्रिज्या 0.3 मायक्रोमीटर आणि तेल-पाण्यामधला पृष्ठताण मीटरमागे 25 मिलिन्यूटन धरा. भिंतीवर पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे पाण्याची कड भिंतीला ज्या कोनात टेकते तो, 30 अंश असेल तर केशाकर्षणाचा दाब सुमारे 1.4 बार येतो. कोन 80 अंश झाला की तो 0.3 बारपेक्षाही कमी होतो. 100 अंशांना त्याची दिशाच उलटते आणि खडक पाण्याला बाहेर थोपवून धरतो. तुलनेसाठी, एक मीटर उंचीच्या ठोकळ्यात तेल आणि पाण्याच्या घनतेतल्या फरकामुळे मिळणारा दाब फक्त 0.03 बारच्या आसपास असतो. गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर इथे काही होणार नाही. भेगाळलेल्या चॉकमध्ये सगळी भिस्त स्पर्शकोनावर असते, आणि स्पर्शकोन ठरतो तो काही नॅनोमीटर जाडीच्या थरात चाललेल्या रसायनावर.

तेलाने पकड कशी मिळवली

कॅल्साइट मुळात जलस्नेही आहे. स्वच्छ कॅल्साइटवर पाणी पसरतं, तेल थेंब धरून राहतं. मग साठ्यातला चॉक अर्धवट तेलस्नेही का होतो? कारण कच्च्या तेलात नुसते हायड्रोकार्बन नसतात. त्यात कार्बोक्झिलिक आम्लंही असतात. पाण्याशी गाठ पडली की त्यांचं टोक ऋणभारित होतं. एक ग्रॅम तेलातली आम्लं निष्प्रभ करायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, यावरून त्यांचं प्रमाण मोजतात. त्याला आम्लांक म्हणतात.

दुसरी बाजू खडकाची. साठ्यातल्या मूळ पाण्यात कॅल्शियम भरपूर आणि सल्फेट जवळजवळ नाही. अशा पाण्यात कॅल्साइटच्या पृष्ठभागावर कॅल्शियम आयन चिकटतात आणि पृष्ठभाग धनभारित होतो. एकीकडे धनभारित भिंत, दुसरीकडे ऋणभारित टोकं असलेलं तेल, आणि मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा. हा पापुद्रा टिकला तर खडक जलस्नेही राहतो. पण दोन्ही बाजूंचे भार विरुद्ध असले की ते एकमेकांना ओढतात, पापुद्रा फाटतो आणि आम्लांची टोकं थेट कॅल्साइटला जाऊन बसतात. रेणूची तेलासारखी शेपटी बाहेर राहत असल्यामुळे भिंतीवर जणू तेलाचंच अस्तर चढतं.

कार्बोनेट खडकांत आम्लांक जितका जास्त तितका खडक कमी जलस्नेही, हा कल प्रयोगांत वारंवार दिसला आहे. तापमानाचाही यात हात आहे. फार तापलेल्या साठ्यांत कॅल्साइटच्या सान्निध्यात ही आम्लं हळूहळू मोडतात, त्यामुळे गरम साठ्यांतल्या तेलाचा आम्लांक सहसा कमी असतो. एकोफिस्कचं तापमान सुमारे 130 अंश सेल्सिअस आहे. चाचणीसाठी काढलेल्या नमुन्यांत टोर फॉर्मेशनचा चॉक पाणी बऱ्यापैकी ओढून घेत होता. वरच्या एकोफिस्क फॉर्मेशनचा चॉक त्या मानाने नाखूश होता. म्हणून 1981 मध्ये पाणी सोडण्याचा पहिला प्रायोगिक प्रकल्प टोर थरातच झाला आणि त्याच्या यशावर पुढचा निर्णय उभा राहिला.

प्रयोगशाळेत दिसलेलं कोडं

पाण्यातल्या क्षारांकडे नीट लक्ष गेलं ते स्टाव्हांगर विद्यापीठात, टोर ऑस्टाड यांच्या गटाच्या कामातून. त्याची सुरुवात भलत्याच दिशेने झाली होती. ते चॉकला जलस्नेही करण्यासाठी धनभारित साबणासारखे रेणू पाण्यात घालून पाहत होते. हे रेणू काम करत होते, पण पाण्यात सल्फेट असेल तर ते कितीतरी जोमाने करत होते. मग प्रश्न असा पडला की, साबण काढून टाकला आणि नुसतं सल्फेट ठेवलं तर? समुद्राच्या पाण्यात ते आहेच.

या प्रयोगांची रीत सांगायला हवी, कारण निष्कर्षांचं वजन तिच्यावर आहे. नमुने मुख्यतः डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या स्टेव्हन्स क्लिंट इथल्या उघड्या चॉकचे. त्यांत थोडं खारं पाणी आणि ठरावीक आम्लांकाचं तेल भरायचं, आणि तेल भिंतीला बसेपर्यंत आठवडेच्या आठवडे गरम ठेवायचं. मग तो दंडगोल ज्या पाण्याची परीक्षा घ्यायची त्यात बुडवायचा आणि वर किती तेल येतं ते दिवसामागून दिवस मोजत राहायचं. बाहेरून दाब देत नाहीत. जे तेल येतं ते पाणी स्वतःहून आत शिरल्यामुळेच.

मग त्यांनी समुद्राच्या पाण्यातला एकेक आयन कमी-जास्त करून पाहिला. साधारण समुद्राच्या एक किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड आणि सोडियमच मिळून 30 ग्रॅम. उरलेल्यात सल्फेट 2.7 ग्रॅम, मॅग्नेशियम 1.3 ग्रॅम, कॅल्शियम 0.4 ग्रॅम. म्हणजे आयनांच्या संख्येत मोजलं तर मॅग्नेशियम कॅल्शियमच्या सुमारे पाचपट. काम करणारी मंडळी ही मागची तिघंच निघाली, आणि त्यांतलं कोणीही एकटं पुरत नव्हतं. सल्फेट आहे पण सोबत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम नाही, तर तेल फारसं येत नाही. मॅग्नेशियम आहे पण सल्फेट नाही, तरीही नाही. दोन्ही असताना 70 अंशांना परिणाम बेताचा होता. तापमान 100 आणि मग 130 अंशांवर नेलं तसं तेल झपाट्याने वर येऊ लागलं.

भिंतीचा किती भाग खरोखर पाण्याकडे वळला हे मोजायची त्यांची युक्ती मला फार आवडते. नमुन्यातून सल्फेट आणि थायोसायनेट एकत्र सोडायचे. थायोसायनेट चॉकला चिकटत नाही, ते पाण्याबरोबर सरळ बाहेर येतं. सल्फेट मात्र भिंतीला चिकटतं, आणि जिथे पाणी भिंतीला भिडलेलं आहे तिथेच ते चिकटू शकतं. म्हणून ते मागे पडतं. दोघांच्या बाहेर येण्यातला फरक जितका मोठा, तितका भिंतीचा जलस्नेही भाग मोठा. स्पर्शकोन घासून गुळगुळीत केलेल्या एखाद्या स्फटिकावर मोजतात. इथे मोजमाप खडकाच्या आतल्या खऱ्याखुऱ्या पृष्ठभागाचं होतं.

मग नेमकं घडतं काय

ऑस्टाड यांच्या गटाने मांडलेलं चित्र असं. सल्फेट ऋणभारित असल्यामुळे धनभारित भिंतीवर जाऊन बसतं आणि तिचा धनभार कमी करतं. त्यामुळे कॅल्शियमला भिंतीजवळ येणं सोपं होतं. जवळ आलेलं कॅल्शियम तेलाच्या आम्ल-टोकाशी जोडी जमवतं आणि ते टोक भिंतीवरून सुटतं. मॅग्नेशियमचा मार्ग वेगळा आहे. हा आयन लहान आहे आणि पाण्याचे रेणू त्याला घट्ट वेढून असतात, त्यामुळे थंड पाण्यात तो जवळजवळ निष्क्रिय राहतो. तापमान वाढलं की हे वेढण सैल होतं आणि मॅग्नेशियम भिंतीतल्या कॅल्शियमची जागा घ्यायला लागतं. जागा सोडताना कॅल्शियम आपल्याला चिकटलेलं आम्लाचं टोकही घेऊन जातं. गरम चॉकमधून समुद्राचं पाणी हळूहळू वाहवलं तर बाहेर येणाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम कमी आणि कॅल्शियम जास्त सापडतं. मॅग्नेशियमच्या देवाणघेवाणीचा हा थेट पुरावा आहे.

सगळ्यांना हे चित्र पटलेलं नाही. आक्सेल हिओर्थ आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये पाणी आणि कॅल्साइटच्या समतोलाचे हिशेब करून दाखवलं की, पृष्ठभागावरच्या भारातला बदल एवढाच धरला तर तापमानाचा प्रभाव समजावता येत नाही. त्यांचा पर्याय असा: गरम चॉकमध्ये कॅल्शियम आणि सल्फेट मिळून ॲनहायड्राइट तयार होतं, कारण त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर घटते. पाण्यातलं कॅल्शियम असं कमी झालं की तोल सांभाळायला कॅल्साइट थोडं विरघळतं आणि जिथे तेल चिकटलं होतं तो पृष्ठभागच निघून जातो. माझ्या मते या दोन स्पष्टीकरणांत एक निवडण्याची घाई करू नये. दोन्ही प्रक्रिया एकाच पाण्यात, एकाच तापमानाला चालू शकतात. ठिकाणानुसार त्यांचा वाटा बदलेल. प्रयोगांतला मुख्य निष्कर्ष मात्र दोन्हींत तसाच राहतो: सल्फेट लागतं, त्याला धनभारित जोडीदार लागतो आणि उष्णता लागते.

मीठ कमी करणं म्हणजे पाणी पातळ करणं नव्हे

इथे एक गैरसमज सर्रास होतो, म्हणून थोडं थांबतो. 'कमी क्षारांचं पाणी जास्त तेल काढतं' हे वाक्य वाळूखडकांच्या अभ्यासातून आलं आहे. तिथे चिकणमातीचे कण, मूळ पाणी आणि ध्रुवीय घटक असलेलं तेल असे तिन्ही असतील तर पाणी पातळ केल्याने फायदा दिसतो, हे टँग आणि मॉरो यांनी 1999 मध्ये दाखवलं. चॉकला हे वाक्य जसंच्या तसं लावलं तर ते चुकतं. समुद्राचं पाणी नुसतं गोडं पाणी घालून पातळ केलं तेव्हा चॉकमधून आलेलं तेल वाढलं नाही, उलट घटलं. कारण उघड आहे: पातळ करताना सल्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही कमी झाले.

पण समुद्राच्या पाण्यातून फक्त सोडियम क्लोराइड काढून टाकलं आणि बाकी आयन जसेच्या तसे ठेवले, तर ते मूळ समुद्राच्या पाण्यापेक्षा सरस ठरलं. त्यात सल्फेट चौपट केलं तेव्हा आणखी. म्हणजे क्षारांचं एकूण प्रमाण कमी झालं हे खरं, पण उपयोग झाला तो वेगळ्याच कारणाने. खनिजाच्या भिंतीलगत आयनांचा जो दाट थर असतो त्याची जाडी समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी असते. तेवढ्या दाटीत सोडियम आणि क्लोराइडने जागा अडवली तर सल्फेट आणि मॅग्नेशियमला भिंतीपर्यंत वाट मिळत नाही. सोडियम आणि क्लोराइड स्वतः भिंतीशी काही करत नाहीत, त्यांची नुसती गर्दी नडते. म्हणून 'पाण्यात एकूण किती क्षार' हा एकच आकडा पाहून कार्बोनेट साठ्याबद्दल काही ठरवणं मला धोक्याचं वाटतं. आयनांची यादी हवी, आणि ती तापमानासकट हवी.

याच खडकाने वसूल केलेली किंमत

एकोफिस्कमध्ये साठ्याचा मूळ दाब सुमारे 490 बार होता आणि वरच्या खडकांचा भार सुमारे 620 बार. मधला फरक चॉकचा सांगाडा पेलत होता. तेल काढल्यावर दाब उतरला, सांगाड्यावरचा भार वाढला आणि मऊ चॉक दबू लागला. समुद्राचा तळ खचतो आहे हे 1984 मध्ये लक्षात आलं. 1987 मध्ये प्लॅटफॉर्म सहा मीटरने उचलून घ्यावे लागले.

पाणी सोडून दाब परत वाढवला की खचणं थांबेल, ही अपेक्षा होती. दाब वाढू लागला तरी तळ पुढे अनेक वर्षं, वर्षाला तीस-चाळीस सेंटीमीटरच्या वेगाने खाली जात राहिला. पाणी पोहोचलेला चॉक आधीच्या चॉकपेक्षा दुबळा झाला होता. 1990 च्या दशकाच्या अखेरीनंतर वेग मंदावला. एकूण खचणं नऊ मीटरच्या वर गेलं.

यामागचं रसायन पाहिलं की, या प्रकरणाचे दोन भाग एकमेकांना येऊन मिळतात. स्टाव्हांगरच्याच प्रयोगांत 130 अंशांना सल्फेट आणि मॅग्नेशियम असलेल्या पाण्याने चॉकची ताकद साध्या मिठाच्या पाण्यापेक्षा जास्त घटवली. कणांच्या भिंतीवर बसून तेल सोडवणारे आयन, कण जिथे एकमेकांना टेकतात तिथेही पोहोचतात. तिथला कॅल्शियम बदलला किंवा कॅल्साइट विरघळलं की सांधा सैल होतो. अशा साठ्यात ओलावण्याचा, म्हणजे भिंतीला पाणी जवळचं की तेल याचा, अभ्यास आणि खडकाच्या ताकदीचा अभ्यास दोन वेगळ्या टेबलांवर करणं बरोबर नाही. नमुना एकच आहे, पाणीही एकच आहे.

सल्फेटचे आणखी दोन त्रास आहेत. साठ्यातल्या मूळ पाण्यात बेरियम असेल तर समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट त्याच्याशी मिळून बेरियम सल्फेटचा कठीण थर विहिरीच्या नळ्यांत बसवतं. आणि थंड झालेल्या भागात सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढले की विषारी आणि गंजकारक हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. म्हणून कित्येक ठिकाणी सूक्ष्म गाळणीच्या पडद्यांनी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट मुद्दाम काढून टाकतात. गरम कार्बोनेट साठ्यात असं केलं तर, तेल सोडवणारा मुख्य आयनच आपण आधी फेकून दिलेला असतो. नळ्यांचा खर्च आणि खडकात राहिलेल्या तेलाची किंमत हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय असा निर्णय घेऊ नये.

विहिरीत सोडलेलं पाणी आणि खडकाच्या आत आघाडीवर पोहोचलेलं पाणी सारखं नसतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. समुद्राचं पाणी थंड असतं, त्यामुळे सोडण्याच्या विहिरीभोवतीचा चॉक थंडावतो आणि तिथे मॅग्नेशियमचं काम मंद होतं. पुढे गरम खडक लागतो, तिथे ते जोर धरतं. सल्फेट काही भिंतीला चिकटून, काही ॲनहायड्राइट होऊन मागे पडतं. प्रयोगशाळेतल्या छोट्या दंडगोलाला ताजं समुद्राचं पाणी सगळीकडून मिळतं. साठ्यातल्या दूरच्या ठोकळ्याला मिळतं ते वाटेत बदललेलं पाणी.

एकोफिस्कवरून दुसरीकडे काय नेता येतं

आहे तसं फार थोडं. नॉर्वेच्याच स्नोरे क्षेत्रात वाळूखडकात कमी क्षारांच्या पाण्याची विहिरीत चाचणी झाली आणि लक्षणीय फायदा दिसला नाही. तिथला खडक समुद्राच्या पाण्यासाठी आधीच जवळजवळ योग्य अवस्थेत होता, बदलायला फारसं काही उरलं नव्हतं. सौदी अरेबियातल्या चुनखडकाच्या नमुन्यांत पातळ केलेल्या समुद्राच्या पाण्याने मात्र चांगला परिणाम दिला. हे चॉकच्या उलट दिसतं, पण त्या खडकांत ॲनहायड्राइट असेल तर पातळ पाणी ते विरघळवून सल्फेट जागेवरच तयार करू शकतं. स्टेव्हन्स क्लिंटच्या शुद्ध चॉकमध्ये असा साठा नाही. खडकातली दोन-चार टक्क्यांची दुय्यम खनिजंही निकाल फिरवू शकतात, हे त्यातून दिसतं.

सर्वांत जवळचं उदाहरण एकोफिस्कचा शेजारी वाल्हाल. तोही चॉकचाच साठा आहे आणि तिथेही 2004 पासून समुद्राचं पाणी सोडलं जातं. पण तिथलं तापमान सुमारे 90 अंश, म्हणजे मॅग्नेशियम पुरतं जागं होण्याच्या उंबरठ्यावर. तिथे समुद्राच्या पाण्यातले आयन तेच असले तरी त्यांचा जोर एकोफिस्कइतका धरता येत नाही. नेमक्या अशाच तापमानाला सोडियम क्लोराइड काढलेलं आणि सल्फेट वाढवलेलं पाणी प्रयोगशाळेत साध्या समुद्राच्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरतं. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर असं पाणी तयार करायचं तर गाळणीचे पडदे, जागा, वीज आणि वजन यांचा हिशेब बसवावा लागतो. शिवाय वाढवलेल्या सल्फेटने त्या दुबळ्या चॉकचं काय होईल, हेही त्याच नमुन्यांवर आधी तपासून घ्यावं लागतं.